बऱ्हाणपूर एका दिवसात : खानदेशातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

भुसावळ, जळगाव, रावेर भागात कुणाकडे पाहुणे आले आणि अजिंठा आधीच बघून झालं असलं, की बऱ्हाणपूरचा विषय निघतो. राज्याची हद्द ओलांडायची, पण घरून पोळीभाजी खाऊन निघालं तर रात्रीच्या जेवणाला परत. त्यामुळे प्रश्नही दर वेळी तेच येतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. मग आपण त्याला एवढं आपलं का म्हणतो?

कारण ती खानदेशाची राजधानी होती. फारूकी सुलतानांचं पहिलं ठाणं थाळनेर, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं. फारूकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा, त्याचा मुलगा नासिर खान यानं चौदाव्या शतकाच्या अखेरीस असीरगड घेतला आणि मग तापीकाठी हे शहर वसवलं. नाव दिलं सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, ज्यांची कबर आपल्या खुलताबादेत आहे. पुढची दोनशे वर्षं खानदेशाचा कारभार इथूनच चालला. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, खानदेश मोगलांचा सुभा झाला आणि बऱ्हाणपूर दक्खनच्या मोहिमांची छावणी बनलं. दिल्ली-आग्र्याहून दक्षिणेत उतरणारा शहजादा, सरदार, वकील, व्यापारी, सगळे इथूनच जायचे.

मराठ्यांचा संबंध तर आहेच. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला १६ जानेवारी १६८१ ला, आणि महिना संपायच्या आत हंबीरराव मोहिते बऱ्हाणपुरावर चालून गेले. तटाबाहेरचं बहादूरपूर हे श्रीमंत उपनगर आणि इतर पेठा तीन दिवस लुटल्या गेल्या. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामानं पेशव्यांना जे दिलं त्यात बऱ्हाणपूरही होतं. ते पुढे शिंद्यांकडे गेलं, १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे आलं आणि त्यांनी ते मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्याला जोडलं. आपला खानदेश राहिला मुंबई इलाख्यात. आज रावेरच्या पुढे जी हद्द लागते तिचं मूळ हे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निमाड मध्य प्रदेशातच राहिलं. २००३ पासून बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा आहे.

जायचं कसं? रेल्वे बरी की गाडी?

एकदोघं असाल तर रेल्वे. भुसावळ-खंडवा-इटारसी ही मोठी लाइन आहे, गाड्यांना तोटा नाही, आणि तासाभराच्या आसपास तुम्ही बऱ्हाणपूर स्टेशनात उतरता. सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा अशी ओळखीची स्टेशनं मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. एक लक्षात ठेवा : स्टेशन लालबागेत आहे, गाव तिथून काही किलोमीटर आत. बाहेर रिक्षा उभ्याच असतात. सगळ्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथं थांबत नाहीत, तेव्हा परतीची गाडी कोणती ते घरूनच बघून निघा.

चारजण आणि त्यात म्हातारी माणसं असतील तर गाडी. भुसावळहून सावदा, रावेर, चोरवड नाका आणि बऱ्हाणपूर, सारे मिळून ६०-६५ किलोमीटर. मुक्ताईनगरकडून येणारे इच्छापूरवरून येतात. तिथं इच्छादेवीचं देऊळ टेकडीवर आहे. वाटेत दर्शन घ्यायचं असेल तर तेवढा वेळ हिशोबात धरा.

एसटीनं गेलं तर बायकांना अर्धं तिकीट मिळतं का?

हद्दीपर्यंत मिळतं, पुढे नाही. महिला सन्मान योजनेतली ५० टक्के सवलत आणि ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास दोन्ही महाराष्ट्राच्या हद्दीपुरते. आंतरराज्य गाडीत हद्दीपलीकडच्या टप्प्याचं पूर्ण भाडं पडतं. यावरून कंडक्टरशी वाद घालणारी मंडळी दर फेरीला असतात. त्या बिचाऱ्याच्या हातात काही नाही. आणि पलीकडे सरकारी एसटी शोधू नका. मध्य प्रदेशाचं परिवहन महामंडळ कधीच गुंडाळलं गेलं, तिथं सगळा कारभार खासगी बसवाल्यांचा.

हद्दीवर काही परवाना, पास वगैरे?

स्वतःच्या गाडीला काही नाही. आरसी, विमा, पीयूसी, लायसन असलं की झालं. भाड्याची गाडी करत असाल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का हे ठरवतानाच विचारा, नाहीतर वाटेत भरावा लागलेला टॅक्स शेवटी तुमच्याच बिलात येतो.

भाषेची अडचण?

अजिबात नाही. निमाडी, हिंदी, उर्दू, गुजराती आणि मराठी अशी इथली पंचमेळ वस्ती आहे. शाळेच्या पाट्यांवरही मराठी दिसेल. दुकानात तुम्ही हिंदीत सुरुवात केलीत तरी समोरचा माणूस तुमचा सूर ओळखून "रावेरचे का?" म्हणून मराठीवर येतो. पेठांची नावंही ओळखीची वाटतील, शनवारा आणि इतवारा.

एका दिवसात काय काय होतं?

गाइडबुकात दहाबारा ठिकाणांची यादी असते. ती सगळी करायला गेलात तर प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरून फोटो काढाल आणि परत गाडीत बसाल. माझं मत विचाराल तर तीन गोष्टी नीट बघा : कुंडी भंडारा, जामा मशीद, शाही किल्ला. यातल्या प्रत्येकीला निदान तास द्या. वेळ उरला तर आहूखाना, म्हणजे मुमताजला आधी पुरलं ती बाग, किंवा बोहऱ्यांचा दर्गा-ए-हकीमी. असीरगड त्याच दिवशी नको, त्याचं पुढे सांगतो.

क्रमही असाच ठेवा. कुंडी भंडारा स्टेशनच्या बाजूला, लालबागेकडे आहे, तेव्हा सकाळी उतरल्या उतरल्या तो. मग गावात शिरून मशीद, जेवण, आणि उन्हं कलली की तापीकाठचा किल्ला.

कुंडी भंडारा म्हणजे नेमकं काय? नुसत्या विहिरी बघायला एवढ्या लांब जायचं?

जायचं. बाकी काही बघितलं नाहीत तरी चालेल, पण हे बघाच.

वरून बघितलं तर माळावर एका रांगेत गोल कठड्यांची तोंडं दिसतात, बस. रिक्षावाले त्याला खूनी भंडारा म्हणतात, तसंच सांगा म्हणजे पटकन कळेल. खरी गंमत जमिनीखाली आहे. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जातं. त्या झिरप्याला आडवं जाऊन ते वाटेतच पकडायचं, जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं, आणि बोगद्याला जमिनीपेक्षा थोडा कमी उतार द्यायचा. मग पाणी आपोआप वाहत शहराजवळ पृष्ठभागाशी येतं. ना मोट, ना पंप. बोगदा खणताना माती काढायला आणि आत हवा-उजेड यायला ठरावीक अंतरावर हे कुंड ठेवले. ते शंभरावर आहेत आणि खालून एकमेकांना जोडलेले आहेत. १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या काळात, इथला सुभेदार अब्दुल रहीम खानखाना यानं हे काम करवलं. दोह्यांमुळे आपण ज्याला ओळखतो तोच हा रहीम. जमिनीखालचं पाणी हेरणारा माणूस इराणातला होता, तबकुतुल अर्ज. छावणीच्या शहरात फौजेची गर्दी वाढली आणि तापीचं पाणी पुरेना, शिवाय वेढा पडला तर शत्रू नदीत विष कालवेल ही भीती होतीच.

असे भंडारे इथं एकूण आठ केले गेले. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा ही त्यांतली आणखी नावं. पाणी जाली करंज नावाच्या हौदात यायचं आणि तिथून मातीच्या नळांनी गावात फिरायचं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर ज्यांनी बघितली आहे त्यांना हे लगेच समजेल. जात एकच.

खाली उतरायला लिफ्ट आहे, सुमारे ८० फूट खोल. ती चालू असेल तर नशीब काढलंत. दार उघडलं की गारवा अंगावर येतो, मे महिन्यातसुद्धा. पाय घोटा-पिंढरीएवढ्या पाण्यात पडतो. पाणी इतकं नितळ की खालची खडी मोजता यावी. भिंतींवर चुन्याचा पांढरट थर साचलाय, कुठं कुठं तो ओघळून गोठल्यासारखा झालाय. पुढच्या कुंडातून उजेडाचा झोत सरळ पाण्यावर पडलेला असतो, त्याच्या पलीकडे अंधार, मग पुन्हा झोत. हाच चुना झिरपे बुजवतो आणि पाणी कमी करतो, म्हणून जाणकार काळजीत आहेत. वर बोअरवेल वाढल्या, हे दुसरं कारण. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत याचं नाव गेलं. त्यामुळे तरी डागडुजीकडे लक्ष जावं.

हाफ पँट किंवा वर दुमडता येईल अशी पँट, रबरी चप्पल आणि मोबाइल ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी एवढं बरोबर ठेवा. दमा असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर वरूनच बघा. आणि लिफ्ट बंद म्हणाले तर हुज्जत घालू नका, कुंडाच्या तोंडातून डोकावलं तरी बराच अंदाज येतो.

जामा मशिदीत आपल्याला जाऊ देतात का?

देतात. गांधी चौकात आहे. चपला बाहेर, डोकं झाकलेलं बरं, आणि नमाजाची वेळ टाळा. शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका.

आत गेल्यावर लोक मिनार आणि कमानी बघून परत फिरतात. तसं करू नका. नमाजाच्या दालनात पश्चिमेच्या भिंतीवरचे कोरीव लेख शोधा. सापडत नसेल तर तिथल्या कुणालाही विचारा, कौतुकानं दाखवतात. अरबी लेखाच्या जोडीला तिथं देवनागरीत संस्कृत लेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्याला वंदन, मग फारूकी राजांची वंशावळ, मग बांधकामाची तिथी. हिजरी सनाबरोबर विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ सुद्धा दिलं आहे, म्हणजे इसवी १५९०. मशीद बांधणारा आदिलशाह फारूकी, ज्याला राजा अली खान म्हणतात. त्याच्या दरबारात पंचांग जाणणारा कुणीतरी शास्त्री बसलेला होता आणि त्यानं ज्योतिष्याला शोभेल अशा नेमकेपणानं तिथी लिहून दिली, एवढं तरी त्यावरून नक्की दिसतं. असाच संस्कृत लेख असीरगडावरच्या मशिदीतही आहे. भिंतीवरची अक्षरं उथळ आहेत, सकाळच्या तिरप्या उजेडात नीट वाचता येतात.

मुमताज महल इथं वारली हे खरं का?

खरं. दक्खनच्या मोहिमेसाठी शहाजहान १६३० मध्ये इथं येऊन राहिला होता. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. मुलगी जगली, तिचं नाव गौहर आरा. मुमताजला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्यात, पुरलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देह आग्र्याला नेला, बरोबर शहजादा शुजा होता. त्याच वर्षी दक्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज याच वाटेनं गेला, त्यानं रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांचं जे वर्णन लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. गाइड हे सांगत नाहीत.

ते काय सांगतात, तर ताजमहाल आधी इथंच व्हायचा होता, पण तापीकाठची माती धड नव्हती, वाळवी होती, संगमरवर आणणं लांब पडत होतं. ऐकायला छान आहे. मी ती गोष्ट म्हणूनच ऐकतो.

आहूखान्यात आज पडक्या बारादरीशिवाय फारसं काही नाही. जायचं तर पूल ओलांडून रिक्षानं जा, आणि अपेक्षा कमी ठेवा.

शाही किल्ल्यात बघण्यासारखं काय उरलंय?

हमाम, म्हणजे शाही स्नानगृह. बाकी किल्ला बराच पडला आहे, दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास कल्पनेनंच उभे करायला लागतात. हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी मात्र अजून टिकून आहे. मान वर करून बघत राहा, डोळे सरावले की निळा आणि लाल रंग हळूहळू उमटायला लागतो. मग नदीच्या बाजूच्या सज्जात या. खाली तापी, पलीकडे जैनाबाद. पावसाळ्यानंतर पाणी भरलेलं असतं, उन्हाळ्यात खडक.

काळा ताजमहाल, खरबुजा घुमट, राजाची छत्री... हे राहिलं तर?

राहू दे. त्यातल्या त्यात निवडायचं असेल तर सांगतो. काळा ताजमहाल म्हणजे रहीम खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याची कबर, उतावळी नदीजवळ. काळसर दगडाची, देखणी आणि लहानशी. शहाजहान स्वतःसाठी काळा ताज बांधणार होता म्हणतात, त्या दंतकथेशी हिचा संबंध नाही. खरबुजा घुमट शुजाची बायको बिलकीस हिचा. तीही बाळंतपणातच गेली. आतली चित्रं सुंदर आहेत, पण किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस भेटायला हवा.

राजाची छत्री मात्र मराठी माणसानं एकदा बघावी. पुरंदरचा तह करून घेणारा मिर्झाराजे जयसिंग दक्षिणेतून परतताना २८ ऑगस्ट १६६७ ला बऱ्हाणपुरात वारला. तापी-मोहना संगमावर त्याची छत्री आहे. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, विजापूरची मोहीम फसली, औरंगजेबाची मर्जी गेली, आणि राजा घरी आमेरला पोचलाच नाही. गावापासून थोडी आडबाजूला आहे, स्वतःची गाडी असेल तरच.

दर्गा-ए-हकीमीला गैरबोहरा लोक जाऊ शकतात का?

हो. लोधीपुऱ्यात आहे, दाऊदी बोहरा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. पांढरा संगमरवर, बाग आणि डोळ्यांत भरावी अशी स्वच्छता. अंग झाकणारे कपडे हवेत. शीख यात्रेकरू बडी संगत गुरुद्वाऱ्यात जातात, कारण १७०८ मध्ये नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग इथं थांबले होते.

खायचं काय?

मावा जलेबी. दुसरं उत्तर नाही. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर "बुरहानपुरी जलेबी" म्हणून जी मिळते तिचं हे माहेर. आपल्या नेहमीच्या कुरकुरीत केशरी जिलबीची अपेक्षा ठेवून गेलात तर पहिल्या घासाला चक्रावाल. ही जाड, काळपट तपकिरी, गुलाबजामच्या वळणाची. मावा मळून सैल करतात, फडक्याच्या भोकातून कढईत सावकाश वेटोळी सोडतात आणि मंद आचेवर तळत ठेवतात. कारागीर घाई करत नाही, आच वाढली की वरून करपते आणि आत कच्ची राहते. तळून झाली की पाकात. गरम असतानाच खा, आणि दोघांत पाव किलो पुष्कळ होते. घरी न्यायची असेल तर दराबा न्या. रवा, साखर आणि तूप घोटून घोटून केलेला, तोंडात टाकला की विरघळतो, आणि प्रवासात टिकतो.

मांसाहार करणाऱ्यांनी मांडे आणि रस्सा चुकवू नये. हे मांडे म्हणजे हातभर रुंद, पातळ, मऊ रोट्या. आपल्याकडच्या पुरणाच्या मांड्यांसारखेच हातावर फिरवून वाढवलेले, फक्त आत पुरण नाही.

असीरगड त्याच दिवशी का नको?

कारण तो अर्ध्या दिवसाचा ऐवज आहे. इंदूर रस्त्यावर विसेक किलोमीटर, मग घाट, मग चढ. असीरगड, कमरगड, मलयगड अशा तीन टप्प्यांचा किल्ला, दक्खनचा दरवाजा म्हणून नाव असलेला. अकबराला तो तोफांनी घेता आला नाही, महिनोन् महिने वेढा घालून शेवटी फितुरी आणि पैशांवर घेतला म्हणतात. १८१९ मध्ये शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड इंग्रजांशी लढला तोही इथंच. वर महादेवाचं देऊळ आहे, तिथं अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो अशी समजूत. एवढं सगळं दुपारी तीननंतर धावत बघण्यात अर्थ नाही. वेगळा दिवस काढा, किंवा बऱ्हाणपुरात मुक्काम करा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये इथलं ऊन आपल्या भुसावळच्या तोडीस तोड असतं, म्हणजे काय ते सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सातपुडा हिरवा असतो, पण भंडाऱ्यात पाणी वाढलं की खाली सोडत नाहीत.

येताना काय आणू नये?

दारू आणि गुटखा. तिकडे स्वस्त मिळते म्हणून बाटली डिकीत टाकणारे महाभाग असतात. परराज्यातली दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, गुटख्याला तर २०१२ पासून बंदी आहे, आणि चोरवड नाक्यावर तपासणी होते. या शहरात चोरटी दारू जुनीच म्हणा. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ मध्ये इथंच पिऊन पिऊन मेला. बापानं पहारा बसवला होता, तर नोकरानं बंदुकीच्या नळीतून दारू आत नेली. नळीतला गंज दारूत उतरला होता म्हणतात. तुम्ही आपला दराब्याचा डबा आणा, त्याला नाक्यावर कुणी हात लावत नाही.